प्रसूतितज्ज्ञ ऑस्टिओपॅथकडे चिठ्ठी का लिहीत नाहीत

ऐरोलीत स्वतःचे उपचार केंद्र चालवणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवीनंतर सहा वर्षे त्यांनी अस्थिरोग विभागात काम केले, मग ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे सांधे व स्नायूंवर हाताने उपचार करण्याच्या पद्धतीचे, प्रशिक्षण घेतले, आणि आता गरोदर स्त्रियांच्या कंबरेच्या व ओटीपोटाच्या दुखण्यावर काम करण्याची त्यांची इच्छा आहे. ऐरोली, घणसोली, कळवा आणि ठाणे या भागांतील अकरा प्रसूतितज्ज्ञांना त्या प्रत्यक्ष भेटल्या. त्यांपैकी दोघींनी नीट ऐकून घेतले, एकीने एक रुग्ण पाठवली आणि बाकीच्यांनी कार्ड ठेवून घेतले. याउलट दोन प्रसूतिगृहांतील परिचारिका डॉक्टरांना न सांगता रुग्णांना त्यांचे नाव सुचवतात. डॉक्टरांचा आक्षेप नेमका कशाला आहे आणि तो दूर कसा करावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली सत्तावीस वर्षे ठाण्यात प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करते आहे, आणि त्यांतील पहिली पंधरा-सोळा वर्षे मीही अशी कार्डे टेबलाच्या खणात ठेवून दिलेली आहेत. आज मी काही रुग्णांना हस्तोपचारासाठी चिठ्ठी देते, काहींना ठामपणे देत नाही. हा बदल कसा झाला हे सांगितले तर तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच मिळेल.

चिठ्ठी लिहायला पेन उचलताना आमच्या मनात ऑस्टिओपॅथीच्या तत्त्वज्ञानाचा विचार क्वचितच असतो. मनात असते ती एक साधी काळजी: उद्या या बाईला काही झाले, तर मी कोणावर आणि कशाच्या आधारावर विसंबले होते, हे मला तिच्या घरच्यांना सांगता येईल का? इंग्लंडमधील डॉक्टरला हे उत्तर तयार मिळते. तेथे १९९३ मध्ये ऑस्टिओपॅथीसाठी स्वतंत्र कायदा झाला, नोंदणी करणारी परिषद स्थापन झाली, आणि नोंदणीशिवाय कोणी स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेतले तर तो गुन्हा ठरतो. अमेरिकेत तर या परंपरेतून आलेले पदवीधर पूर्ण अधिकाराचे डॉक्टरच असतात. ते औषधे लिहितात, शस्त्रक्रिया करतात, प्रसूतीही करतात. आपल्याकडे ऑस्टिओपॅथीला अशी स्वतःची वैधानिक परिषद नाही, आणि आयुष मंत्रालयाच्या कक्षेत येणाऱ्या पद्धतींमध्येही तिचा समावेश नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ऑस्टिओपॅथीच्या प्रशिक्षणाचे मापदंड प्रसिद्ध केले आहेत, पण ठाण्यातल्या डॉक्टरच्या हातात तुमचे कार्ड पडते तेव्हा त्यावरच्या शब्दामागे चार वर्षांचा अभ्यास आहे की चार रविवारांचा, हे तिला कळण्याची सोय नसते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, स्वतःची ओळख फिजिओथेरपिस्ट म्हणून करून द्या, राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा तुमचा नोंदणी क्रमांक कार्डावर ठळक छापा, आणि ऑस्टिओपॅथीचे प्रशिक्षण त्याखाली, संस्थेचे नाव व कालावधी यांसह लिहा. तुमचे ज्ञान यामुळे कमी ठरत नाही. ज्या गोष्टीची खातरजमा डॉक्टर स्वतः करू शकते ती आधी यावी, एवढाच त्याचा अर्थ. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली, आणि तेव्हापासून आमची पिढी प्रत्येक कागदावर सही करताना हा विचार करत आली आहे. तुमचे कार्ड नुसते ठेवून घेणाऱ्या डॉक्टरांच्या मौनात या भीतीचा वाटा मोठा असणार.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, तरीही स्पष्ट बोलते. महाराष्ट्रात ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द रुग्णांनाही माहीत आहे. चिठ्ठीच्या बदल्यात पैसे देणे-घेणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे, २०१७ मध्ये राज्य सरकारने त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार करवला होता, आणि तरीही दवाखान्यात कार्ड घेऊन येणाऱ्या नव्या चेहऱ्याकडे पाहताना पहिली शंका हीच येते. तुम्ही दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन गेलात तर ज्या डॉक्टर चांगल्या आहेत त्याच तुमच्यापासून दूर जातील. पहिल्याच भेटीत, न विचारता, ‘मी कमिशन देत नाही आणि घेत नाही’ असे एक वाक्य बोला. ते ऐकून ज्या तुम्हाला रुग्ण पाठवणार नाहीत, त्यांच्या रुग्णांची तुम्हाला गरजही नाही.

आता पुराव्याचा प्रश्न. येथे तुम्ही डॉक्टरपेक्षा एक पाऊल पुढे असणे आवश्यक आहे, कारण अर्धवट दाखला दिलात तर पुन्हा दार उघडणार नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये ४०० गरोदर स्त्रियांवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ऑस्टिओपॅथीच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतील स्त्रियांचे त्यात तीन गट होते: एकाला नेहमीच्या तपासणीबरोबर ऑस्टिओपॅथीचे उपचार, दुसऱ्याला नेहमीच्या तपासणीबरोबर अल्ट्रासाउंड उपचाराचा केवळ देखावा, आणि तिसऱ्याला नुसती नेहमीची तपासणी. नुसत्या तपासणीच्या तुलनेत ऑस्टिओपॅथीच्या गटात दुखणे आणि हालचालींवरील मर्यादा यांची वाढ कमी राहिली. मात्र देखाव्याच्या उपचाराशी तुलना केली, तेव्हा दोघांतील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. बहुतेक वेळा पहिले वाक्य सांगितले जाते आणि दुसरे गाळले जाते. ज्या डॉक्टरने तो अभ्यास वाचला आहे तिच्या लक्षात तुम्ही गाळलेले वाक्यच राहील.

त्याच वर्षी आलेल्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अहवालात) गरोदरपणातील कंबर व ओटीपोटाच्या दुखण्यावरील ३४ चाचण्यांचा आणि पाच हजारांहून अधिक स्त्रियांचा विचार केलेला आहे. त्यातील व्यायामाविषयीचे निष्कर्ष आशादायक आहेत, तर ऑस्टिओपॅथी आणि क्रेनिओसॅक्रल उपचार (कवटी व पाठीच्या तळाशी हलका हात ठेवून केलेले) यांच्याविषयी थोड्याच अभ्यासांचा आधार आहे. इंग्लंडच्या २०२१ च्या प्रसूतिपूर्व सेवेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा दुखण्यासाठी फिजिओथेरपीकडे पाठवून व्यायामाचे मार्गदर्शन देण्याचा आणि कडक नसलेला कंबरपट्टा वापरण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. या सगळ्याचा मी लावलेला अर्थ असा की, तुमच्या उपचाराचा कणा व्यायाम आणि रोजच्या हालचालींतील बदल हाच असला पाहिजे, आणि हाताने केलेले उपचार त्या व्यायामासाठी वाट मोकळी करणारे असावेत. असे मांडलेत तर फार थोड्या डॉक्टर विरोध करतील. ‘ऑस्टिओपॅथीने दुखण्याचे मूळ कारण दूर होते’ असे मांडलेत तर मीसुद्धा विरोध करीन.

तरीही मी या बाजूला का वळले, ते माझ्या एका चुकीमुळे. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे नेरुळहून एक शिक्षिका येत असत. माहेर नौपाड्यात, म्हणून नाव ठाण्यात घातलेले. सातव्या महिन्यात त्यांनी पुढच्या बाजूला, जघनसांध्यावर (ओटीपोटाची हाडे पुढे जेथे जुळतात तेथे) दुखत असल्याचे सांगितले. मी रक्तदाब पाहिला, बाळाचे ठोके ऐकले, लघवीची तपासणी करवली, सगळे ठीक होते, आणि मी म्हणाले, ‘गरोदरपणात असे होतेच, बाळंतपण झाले की जाईल.’ पुढच्या भेटीत त्यांनी पुन्हा सांगितले, मी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्या भेटीत त्यांनी सांगणे सोडून दिले आणि मला वाटले की दुखणे थांबले. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासणीला आल्या तेव्हा त्यांच्या आईने सांगितले की शेवटचे दोन महिने ती रात्री भिंतीला धरून, पाय न उचलता घासत न्हाणीघरापर्यंत जात असे. लोकलचा पूल चढवत नाही म्हणून तिने शाळा ठरल्यापेक्षा सहा आठवडे आधीच सोडली होती आणि बिनपगारी रजा घेतली होती. माझ्या केसपेपरवर तीनही भेटींत ‘विशेष तक्रार नाही’ असे लिहिलेले होते. ते माझ्या हस्ताक्षरात होते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक गरोदर स्त्रीला पाचव्या महिन्यानंतर तीन प्रश्न स्वतःहून विचारते: झोपेत कूस बदलताना दुखते का, जिना चढताना दुखते का, साडी किंवा सलवार घालताना एका पायावर उभे राहता येते का. होकार किती येतात हे पाहून मला स्वतःचाच खेद वाटला. गरोदर स्त्रियांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक जणींना कंबरदुखी होते आणि सुमारे एकपंचमांश जणींना ओटीपोटाच्या सांध्यांचे दुखणे होते, असा अंदाज वैद्यकीय लेखनात दिलेला आढळतो. मी तो विद्यार्थिदशेत वाचलाही होता. पण दुखणे विचारायचे, तर पुढे त्याचे करायचे काय याचेही उत्तर हाताशी हवे. गरोदरपणात वेदनाशामक गोळ्यांना मर्यादा असतात: पॅरासिटामॉलच्या पलीकडची बहुतेक औषधे विसाव्या आठवड्यानंतर आम्ही टाळतो. संध्याकाळच्या ओपीडीत चाळीस नावे असताना एकीला कुशीवर कसे वळावे हे पलंगावर झोपवून शिकवायला मला वीस मिनिटे मिळत नाहीत. ती वीस मिनिटे तुमच्याकडे आहेत. डॉक्टरला तुमची खरी गरज येथे आहे, आणि बोलणे येथून सुरू करावे.

आता ज्या भीतीमुळे चिठ्ठी अडते तिच्याकडे येते. गरोदर स्त्रीच्या पाठीला कोणी अचानक झटका देऊन कडकड आवाज काढेल, ही कल्पनाच आम्हाला सहन होत नाही. ऑस्टिओपॅथीमध्ये हळुवार तंत्रेही बरीच आहेत हे तुम्हाला माहीत आहे, समोरच्या डॉक्टरला माहीत नाही. म्हणून ‘मी गरोदर स्त्रियांवर झटक्याची तंत्रे वापरत नाही, विसाव्या आठवड्यानंतर त्यांना फार वेळ उताणे ठेवत नाही, उशा लावून कुशीवर ठेवूनच उपचार करते’ असे तुम्ही आपणहून सांगा. उताणे झोपवल्यास गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येऊन घेरी येते, हे प्रत्येक प्रसूतितज्ज्ञाने टेबलावर पाहिलेले असते, आणि हे तुम्हाला ठाऊक आहे एवढ्याने तिचे अर्धे समाधान होते.

काही गोष्टी तुम्ही करणार नाही हेही लेखी द्या. फ्रान्समध्ये ऑस्टिओपॅथ या नावाला २००२ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली, आणि २००७ च्या आदेशाने त्यांना योनिमार्गातून तपासणी किंवा उपचार करण्यास मनाई केली. सहा महिन्यांखालील बाळाचे डोके, चेहरा किंवा मणका यांवर हाताने उपचार करायचे असतील तर हरकत नसल्याचे डॉक्टरचे प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते. आपल्याकडे असा आदेश नाही. जेथे कायद्याने रेघ आखलेली नाही तेथे ती स्वतः आखणाऱ्या माणसावर विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे. तसेच आडवे किंवा पायाळू बाळ ‘फिरवून देते’ असे कधीही म्हणू नका. बाळ बाहेरून फिरवण्याची प्रक्रिया आम्ही साधारण ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास, सोनोग्राफी करून, बाळाच्या ठोक्यांवर यंत्राने लक्ष ठेवून, गरज पडली तर लगेच सिझेरियन करता येईल अशा ठिकाणी करतो, आणि एवढे करूनही ती सुमारे निम्म्या वेळाच साधते.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या दुखण्याला हात लावायचा नाही हे तुम्हाला कळते, याची खात्री डॉक्टरला हवी असते. कळव्याच्या एका पहिलटकरणीला चौतिसाव्या आठवड्यात उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तेव्हा घरच्यांनी बाळाच्या लाथा समजून दोन दिवस तेल चोळले. ती माझ्याकडे आली तेव्हा रक्तदाब १६०/११० होता आणि लघवीत प्रथिने जात होती, म्हणजे गरोदरपणातील गंभीर रक्तदाबविकाराची ती लक्षणे होती. ती आणि तिचे बाळ दोघेही वाचले, पण त्या दोन दिवसांत कोणी हस्तोपचारासाठी तिला तपासले असते आणि रक्तदाब न मोजता उपचार केला असता, तर काय झाले असते याचा विचार मला आजही करवत नाही. कंबरेत ठरावीक अंतराने येणारी आणि हात लावल्यावर न बदलणारी कळ ही अकाली प्रसूतीची सुरुवात असू शकते. एका बाजूची कूस दुखते आणि थंडी वाजून ताप येतो, तेव्हा मूत्रपिंडाचा संसर्ग असतो. एकच पोटरी सुजून गरम झाली तर रक्ताची गाठ शंकेत धरावी लागते. बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. आपल्या भागात मणक्याचा क्षयही विसरून चालत नाही; रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि गरोदरपणातही न वाढणारे वजन ही त्याची खूण असते. अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांविषयी तर प्रत्येक भेटीत विचारलेच पाहिजे. तुमच्या केंद्रात रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवा आणि प्रत्येक गरोदर रुग्णाचा रक्तदाब उपचाराआधी लिहून ठेवा. ही सवय तुम्हाला आहे हे कळले, तर कोणतीही प्रसूतितज्ज्ञ तुम्हाला आपल्या कामातली सहकारी मानू लागेल.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो आणि ती तुम्ही टाळावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. काही उपचारक रुग्णाला सांगतात की ‘तुमचे हाड सरकले आहे’, ‘कंबर वाकडी झाली आहे’, ‘ओटीपोटाचा सांधा उघडला आहे’. काही वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरून येणारी माझी एक रुग्ण असे काही ऐकून आली, तिने चालणे बंद केले, आणि नैसर्गिक प्रसूतीत हाडे निखळतील या भीतीने सिझेरियनचा हट्ट धरला. तिच्या सांध्यात तपासणीत काहीही निखळलेले नव्हते. गरोदरपणात सांधे किंचित सैल होतात हे खरे, पण ज्याच्याशी हा सैलपणा जोडला जातो त्या रिलॅक्सिन या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण आणि दुखण्याची तीव्रता यांचा थेट मेळ सिद्ध झालेला नाही, आणि हाताने चाचपून ‘सरकलेले’ हाड ओळखता येते या दाव्यालाही बळकट आधार नाही. ‘सांधे आणि स्नायू यांच्यावरचा भार बदलला आहे, तो आपण कमी करू शकतो, आणि बाळाला यामुळे धोका नाही’ असे सांगितले तर तीच बाई निश्चिंत होऊन घरी जाते. रुग्णाने तुमचे वाक्य माझ्यासमोर येऊन म्हणून दाखवले की मी तुम्हाला ओळखते. प्रमाणपत्र पाहण्याची वेळ नंतर येते.

परिचारिकांबद्दल तुम्ही जे लिहिले ते मला अगदी ओळखीचे वाटले. त्या डॉक्टरांपेक्षा तुमच्या बाजूच्या असतात, कारण रात्रपाळीत कुशीवर वळता न येणारी बाई त्यांना दिसते, कळांच्या वेळी तिची पाठ त्यांनीच दाबून धरलेली असते, आणि हाताच्या आधाराने काय फरक पडतो हे त्यांनी अनुभवलेले असते. शिवाय बाळंतिणीची मालीश आणि शेक-शेगडी आपल्या घरांतून अजून गेलेली नाही, त्यामुळे हाताने केलेल्या उपचाराचे त्यांना परकेपण नसते. याच कारणाने काही डॉक्टर तुमच्या कामाकडे ‘मालीशच ती, जरा महाग’ अशा नजरेने पाहतात. तो गैरसमज दूर करण्यासाठी तुमच्या तपासणीच्या नोंदी दाखवण्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. परंतु डॉक्टरांना न सांगता होणारी शिफारस थांबवा. त्या परिचारिकांचे आभार माना आणि सांगा की रुग्णाने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, मग यावे. चोरून आलेल्या दहा रुग्णांपैकी एकीला जरी पुढे रक्तस्राव झाला, त्याचा तुमच्या उपचाराशी संबंध असो वा नसो, दोष तुमच्यावर येईल आणि त्या परिचारिकेची नोकरीही धोक्यात येईल.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. ओपीडीच्या वेळेत डॉक्टरला भेटायला जाऊ नका. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास फोनवर वेळ ठरवून दहा मिनिटांसाठी जा. माहितीपत्रक नेऊ नका, एका रुग्णाची नोंद न्या, अर्थात तिची संमती घेऊन आणि नाव झाकून. त्या नोंदीत कोणत्या चाचण्या केल्या ते आम्हाला समजेल अशा शब्दांत असू द्या: पाय सरळ ठेवून उचलण्याची चाचणी, मांडीतून मागे दाब देऊन ओटीपोटाच्या मागच्या सांध्यांची चाचणी, चालण्याचे अंतर, झोपेतील जाग. ‘ऊर्जा’, ‘प्रवाह’, ‘कवटीचा ताल’ हे शब्द तेथे नकोत. डॉक्टरने रुग्ण पाठवली तर पहिल्या भेटीनंतर दोन दिवसांत उत्तर जाऊ द्या, आणि ते एका पानाच्या आत असू द्या. माझ्या फाइलमध्ये ज्या पत्रामुळे माझा ग्रह बदलला त्याचा मजकूर साधारण असा होता:

‘गरोदरपणाचा २८ वा आठवडा, पहिलटकरीण. पाच आठवड्यांपासून जघनसांध्यावर व उजव्या नितंबात दुखणे. कूस बदलताना, जिना चढताना व रिक्षात चढता-उतरताना वाढते. ताप, रक्तस्राव, पाणी जाणे, बधिरपणा नाही. बाळाची हालचाल नेहमीसारखी. रक्तदाब ११०/७०. उजव्या बाजूस मागच्या सांध्याची चाचणी सकारात्मक. कुशीवर ठेवून नितंब व कंबरेच्या स्नायूंवर हळुवार उपचार, तीन व्यायाम, गुडघे जुळवून कूस बदलण्याचा सराव, कंबरपट्टा दिवसा दोन-तीन तास. आठवड्याने पुन्हा पाहीन. तीन भेटींत फरक न पडल्यास आपल्याकडे परत पाठवीन.’

यात ऑस्टिओपॅथी हा शब्द एकदाही नाही, आणि तरीही पत्र लिहिणाऱ्या फिजिओथेरपिस्टने काय केले व काय पाहिले हे मला पूर्ण कळले.

उपचाराच्या वेळी घरातील कोणी स्त्री किंवा तुमची मदतनीस खोलीत असू द्या, कोठे हात लावणार हे आधी सांगा, आणि जघनसांध्यावर थेट हात ठेवण्याआधी पुन्हा विचारा. घरी सासूबाईंना हे काय चालले आहे असा प्रश्न पडणारच. त्यांनाही एकदा बोलावून व्यायाम दाखवलात तर घरी तो खरोखर केला जातो.

बाळांवरील उपचाराविषयी थोडक्यात लिहिते, कारण तुमचा प्रश्न त्याविषयी नाही, पण तो विषय तुमच्यापर्यंत येणारच. पोटात मुरडा येऊन रडणाऱ्या बाळांवरील हस्तोपचारांचा कॉक्रेन आढावा २०१२ मध्ये आला; त्यात सहा छोट्या चाचण्या आणि ३२५ बाळे होती, आणि त्यांच्या आधारे ठाम निष्कर्ष काढता आला नाही. निदान पहिली दोन-तीन वर्षे तुम्ही नवजात बाळांना हात लावू नये असे माझे मत आहे. आमच्या शहरातील बालरोगतज्ज्ञ या बाबतीत प्रसूतितज्ज्ञांपेक्षा अधिक कडक आहेत आणि त्यांची नाराजी तुमच्या गरोदर रुग्णांपर्यंतही पोहोचेल. बाळंतिणींवर मात्र तुम्हाला भरपूर काम आहे: बाळाला पाजताना आखडणारी मान, सिझेरियननंतर ताठरलेली कंबर, आणि बसताना माकडहाडावर होणारे दुखणे, ज्याकडे आम्ही जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही.

शेवटी, माझा विश्वास पक्का झाला तो एका यशस्वी उपचाराने नव्हे. वर उल्लेखलेले पत्र लिहिणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे मी एका रुग्णाला खुब्याच्या दुखण्यासाठी पाठवले होते, बत्तिसावा आठवडा होता. दुसऱ्या भेटीनंतर मला फोन आला: ‘मॅडम, हे नेहमीचे दुखणे वाटत नाही. वजन टाकले की जांघेत खोलवर कळ येते, खुबा आत वळवता येत नाही, आणि माझ्या उपचाराने काहीच फरक पडलेला नाही. मी उपचार थांबवले आहेत, तुम्ही अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.’ एमआरआयमध्ये खुब्याच्या हाडात सूज दिसली. गरोदरपणात कधी कधी खुब्याचे हाड तात्पुरते ठिसूळ होते, त्यातला तो प्रकार होता, आणि वेळीच कुबडी दिली नसती तर मांडीच्या हाडाची मान मोडण्याचा धोका होता. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ती पूर्ण बरी झाली. त्या फोननंतरच्या आठवड्यात मी त्या फिजिओथेरपिस्टच्या नावाने चार चिठ्ठ्या लिहिल्या.